पुलास्की परेड: न्यूयॉर्कमध्ये भेटलेला पोलंड आणि आमचं वळीवडे

कोल्हापूरकरांना पोलंड हे नाव परकं नाही. आज गांधीनगरला जिथे कापडाच्या ठोक दुकानांची गर्दी आहे, त्या वळीवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५००० माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. माझे आजोबा रुकडीहून भाजी घेऊन छावणीत जायचे. बराकींपुढे फुलझाडं लावणाऱ्या बायका, पंचगंगेत डुंबणारी पिंगट केसांची पोरं, त्यांची शाळा, त्यांचं चर्च, नाटकाचं थिएटर, हे सगळं आजोबांकडून आजीकडे आणि आजीकडून आमच्याकडे आलं. ती माणसं पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं.

लेक जर्सी सिटीत राहते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला, ऑक्टोबरचा पहिला रविवार तिथे सापडला पाहिजे. त्या रविवारी न्यूयॉर्कच्या पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर पोलिश लोकांची पुलास्की परेड निघते. १९३७ पासूनची परंपरा आहे. विमान, व्हिसा, सामान यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं नीट पार पडलं.

शुक्रवार: सेंट्रल पार्कमधला राजा

परेडच्या आधी एक पुतळा बघायचा होता. सेंट्रल पार्कमध्ये टर्टल पाँड नावाचं तळं आहे, त्याच्या पूर्वेच्या काठावर पोलंडचा राजा यागियेलो घोड्यावर बसलाय. दोन्ही हात डोक्यावर उंच, दोन्ही हातांत तलवारी आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्या. १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईआधी ट्यूटॉनिक या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या सरदारांनी त्याला डिवचण्यासाठी दोन तलवारी पाठवल्या होत्या. लढाई त्याने जिंकली आणि त्या तलवारी पोलंडच्या विजयाचं चिन्ह झाल्या.

पुतळा इथे कसा आला, ती हकीकत मला लढाईपेक्षाही मोठी वाटते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि पोलंडच्या दालनासमोर हा राजा उभा होता. प्रदर्शन चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं. दालन उभं आणि मागे देश नाहीसा! पुतळ्याला परत जायला घर उरलं नाही. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, तो या बागेत बसवला गेला. ज्या धामधुमीने वळीवड्याला माणसं आणून सोडली, तिनेच हा राजा इथे आणून ठेवला. मी त्याच्या चौथऱ्यापाशी बराच वेळ उभी होते. पायथ्याला कुणीतरी लाल-पांढरी फीत बांधून ठेवली होती.

जायचं असेल तर भुयारी रेल्वेच्या बी किंवा सी गाडीने ८१व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा आणि बागेत शिरून पूर्वेकडे चालत राहा. टेकडीवरचा बेल्व्हेडिअर किल्ला दिसला की तळं आलंच. सकाळी लवकर गेलात तर जागा जवळजवळ तुमचीच असते.

शनिवार: ग्रीनपॉइंट

सकाळपासून भुरभुर पाऊस. तरी निघालो, कारण ब्रुकलिनचा ग्रीनपॉइंट भाग बघायला परेडच्या आदल्या दिवसासारखा दिवस नाही. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या पाथ गाडीने चौदाव्या रस्त्यापर्यंत, तिथून एल गाडी आणि लोरिमरला बदलून जी गाडी, नासाउ अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं. जी गाडीला डबे कमी असतात, म्हणून फलाटाच्या मध्यावर उभं राहा, नाहीतर गाडी आली की धावावं लागतं. शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे गाड्यांचे मार्ग बदलतात, तेही निघण्याआधी बघून घ्या.

मॅनहॅटन अ‍ॅव्हेन्यू हा इथला मुख्य रस्ता. औषधांची दुकानं, पुस्तकांचं दुकान, वकिलांच्या पाट्या, सगळीकडे पोलिश अक्षरं. मटणाच्या दुकानात शिरलो तर भिंतभर सॉसेजच्या माळा, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि लाकडाच्या धुराचा वास. रांग दारापर्यंत आलेली. पांढरे डगले घातलेल्या बायका एकीकडे कापत होत्या, एकीकडे गिऱ्हाइकांशी गप्पा मारत होत्या. न्यू जर्सी, लाँग आयलंड इथे राहायला गेलेली पोलिश माणसं परेडच्या निमित्ताने येतात तेव्हा महिनाभराचं सामान इथूनच भरून नेतात.

जेवण एका छोट्या खानावळीत. यजमानांनी झुरेक मागवलं. राईचं पीठ आंबवून केलेलं आंबट सूप, त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं, आणि हे सगळं कोरलेल्या पावाच्या वाटीत. पावसाळी हवेत ते सूप पोटात गेलं आणि त्यांची कुरकुर थांबली. मी गोवोंब्की घेतले, कोबीच्या पानांत खिमा आणि भात गुंडाळून टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेले. चव सौम्य, पण कोबी इतका मऊ की चमच्याने तुटत होता. जावई शाकाहारी, त्याच्यासाठी पिएरोगी. मैद्याच्या पारीत बटाटा आणि ताजं चीज भरलेलं, उकडून मग लोण्यात परतलेले.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिएरोगीवर तळलेल्या चरबीचे बारीक तुकडे भुरभुरतात, ते नको असं आधीच सांगायला हवं, त्याऐवजी परतलेला कांदा मिळतो. आणि बीटाचं लालभडक बार्श्च दिसायला शुद्ध शाकाहारी, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. कोबी-मशरूमचे पिएरोगी आणि बटाट्याची धिरडी सहसा चालतात, तरी एकदा विचारून घ्या. छोट्या दुकानांसाठी थोडी रोकड जवळ असू द्या.

बेकरीत भेटलेली बाई लक्षात राहिली. साठीच्या पुढची, केस घट्ट बांधलेले. पोलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातून ती १९८९ नंतर इथे आली. “तेव्हा या रस्त्यावर इंग्रजी यायची गरजच नव्हती,” ती म्हणाली. दवाखाना, बँक, चर्च, सगळं पोलिशमध्ये चालायचं. मग घरभाडी वाढत गेली. तिचे दोन्ही शेजारी गेले, मुलगा लाँग आयलंडला गेला, आता समोरच्या इमारतीत सगळे नवे तरुण. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हात काम करत होते, खसखशीचं सारण भरलेल्या गुंडाळ्या कागदात बांधत होते. मी परेडसाठी भारतातून आलेय हे ऐकून तिने गल्ल्यामागून एक पोंच्की काढून माझ्या हातावर ठेवली. तळलेला गोल गोड पाव, आत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा. पैसे घेतले नाहीत. “उद्या लवकर जा, ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी उभी राहा,” एवढंच म्हणाली.

हम्बोल्ट रस्त्यावरचं सेंट स्टॅनिस्लाउस कोस्तका चर्च बघितलं. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कार्डिनल वोइतिवा १९६९ मध्ये इथे येऊन गेले होते. बाहेरच्या चौकाला त्यांचं आणि पोलंडमधल्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीचे नेते लेख वाउएन्सा यांचंही नाव दिलंय. आत काही बायका उद्याचे ध्वज इस्त्री करून काठ्यांना लावत होत्या. आम्ही मागच्या बाकावर गुपचूप बसून राहिलो.

संध्याकाळी पाऊस थांबला. परतीला मुद्दाम पुलास्की पुलावरून चालत क्वीन्सच्या बाजूला गेलो. न्यूटाउन क्रीक नावाच्या खाडीवरचा हा १९५४ चा पूल, मधून उघडणारा. डावीकडे नदीपलीकडे मॅनहॅटनच्या सगळ्या इमारती एका ओळीत. पूल उतरलं की सात नंबरची गाडी मिळते.

ज्याचं नाव पुलाला आणि परेडला, तो कझिमिएश पुलास्की १७४५ साली जन्मला. रशियाची पोलंडवरची पकड झुगारण्यासाठी झालेल्या उठावात तो तरुणपणीच लढला, चेन्स्तोहोवाचा मठ त्याने शत्रूपासून राखला, आणि उठाव मोडल्यावर परागंदा झाला. पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची गाठ पडली आणि १७७७ मध्ये तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला. अमेरिकन घोडदळाचा जनक म्हणून त्याला ओळखतात. १७७९ च्या ऑक्टोबरमध्ये सव्हानाच्या वेढ्यात इंग्रजांवर चाल करताना तो जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. वय अवघं ३४. त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्या वडगाव मावळात मराठ्यांनी इंग्रजी फौजेला कोंडून तह करायला लावला होता. पुलावर उभी राहून मी हे यजमानांना सांगितलं आणि आम्ही दोघं काही वेळ नुसते १७७९ बद्दलच बोलत राहिलो. एकाच शत्रूशी पृथ्वीच्या दोन टोकांना घोडेस्वार भिडले होते, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रविवार: पाचवा अ‍ॅव्हेन्यू

आकाश धुतल्यासारखं निळं. सकाळी सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये परेडआधीची प्रार्थना होती, तिथे डोकावलो. दाराशी लाल-पांढरे कमरपट्टे आणि खांद्यावरून आडव्या फिती लावलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आत चेन्स्तोहोवाच्या मेरीमातेची वेदी आहे. सावळ्या चेहऱ्याची देवी, गालावर वाराच्या खुणा. मी अंबाबाईच्या गावची, हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि आपली मेणबत्ती माझ्यापुढे धरली, पेटवून घ्यायला.

बेकरीवालीचं ऐकून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासमोर जागा धरली, तिथे दगडी सिंहांच्या आसपास पायऱ्यांवरून नीट दिसतं. परेड दुपारी साडेबाराच्या सुमाराला निघते आणि तिशीतल्या रस्त्यांवरून उत्तरेकडे पन्नाशीतल्या रस्त्यांपर्यंत जाते. तासभर आधी पोचलात तर कठड्याला लागून उभं राहता येतं. ब्रायंट पार्कमधलं सार्वजनिक स्वच्छतागृह ग्रंथालयाच्या अगदी मागे आहे. तिथे ताजी फुलं ठेवलेली असतात. मोठ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी ही जागा ध्यानात ठेवावी.

आधी पोलिसांचे घोडे, मग बँड, मग परेडचे मानकरी, म्हणजे मुख्य मार्शल. आणि त्यामागे जे सुरू झालं ते कोल्हापूरच्या गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला लगेच ओळखू येतं. आपल्याकडे जशा तालमी आणि मंडळं, तशी इथे गावं. लिंडन, क्लिफ्टन, पसेइक, बेयॉन, न्यू जर्सीतल्या एकेका गावाची स्वतःची समिती, स्वतःचा मार्शल, त्याची फीत, गावाची मिस पोलोनिया म्हणून निवडलेली मुलगी, गावाचा चित्ररथ. वर्षभर ही माणसं त्याच्यासाठी पैसे जमवतात, जेवणावळी घालतात. आपल्या गावाचा फलक आला की कठड्यामागून आरोळी उठायची आणि चालणारा माणूस रांग सोडून कुणाच्या तरी गळ्यात पडायचा.

पोशाख तर किती! क्राकोच्या मुलींची भरतकामाची जाकिटं, डोक्यावर फुलांचे मुकुट आणि पाठीवर उडणाऱ्या रंगीत फिती, गळ्यात लाल मण्यांच्या माळा. डोंगरातले गुराल पुरुष, लोकरीच्या पांढऱ्या विजारींवर भरतकाम, आणि काळ्या टोपीच्या पट्ट्याला चक्क कवड्या! जोगतिणींच्या गळ्यात पाहिलेल्या त्याच कवड्या समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरकरी माणसांच्या टोप्यांवर. मग पाठीला पिसांचे उंच पंख लावलेले हुसार स्वार, १६८३ मध्ये व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा मोडायला धावून गेलेल्या घोडदळाच्या वेशात. माझ्याजवळ खांद्यावर बसलेलं एक लहान पोर पंख बघून टाळ्या पिटायला लागलं.

आमच्या शेजारी घडीची खुर्ची घेऊन एक आजोबा बसले होते, कनेक्टिकटच्या न्यू ब्रिटन गावचे. तिथल्या कारखान्यांत पोलिश माणसांच्या किती पिढ्या राबल्या ते सांगत होते. १३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला तेव्हा ते बोटीवर खलाशी होते, परत गेलेच नाहीत. आई वारली तेव्हाही जाता आलं नाही. “या रस्त्यावर मी पहिल्यांदा आलो त्या वर्षी सगळे सॉलिडॅरिटीचे फलक घेऊन चालत होते. आज बघा, मुलं नाचतायत,” ते म्हणाले आणि लगेच ओरडून कुणालातरी हाक मारली. १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं नकाशावर पोलंड नव्हता. आपला देश गल्लीत, चर्चमध्ये, पोराबाळांच्या अंगावरच्या कपड्यांत जपून ठेवायची सवय या लोकांना तेव्हापासूनची आहे, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

शनिवारच्या पोलिश शाळांची मुलं आली तेव्हा नातीने माझा हात ओढला. तीही रविवारी मराठी शाळेत जाते. एका शाळेची रांग आमच्यासमोर थांबली होती, म्हणून लेकीने बाईंना विचारलं, मुलं येतात का हो आवडीने? बाई म्हणाल्या, व्याकरणाला नाही येत, या दिवसासाठी येतात. सप्टेंबरपासून पोशाख कधी मिळणार म्हणून विचारतात, आणि पोशाख हवा तर कविता पाठ झाली पाहिजे. लेक हे लगेच फोनवर टिपून घेत होती.

आणि मग करड्या गणवेशातल्या स्काउट मुली. त्यांच्यासोबत एक पन्नाशीची बाई कडेने चालत होती. रांग थांबली तशी मी कठड्यावरून वाकून म्हटलं, मी कोल्हापूरची. तिला कळलं नाही. मी म्हटलं, वळीवडे. ती जागच्या जागी वळली. “वालिवादे? वालिवादे-कोल्हापूर?” वळीवड्याच्या छावणीत स्काउटांची पथकं होती, आणि परदेशातल्या पोलिश स्काउटांच्या इतिहासात त्या छावणीला मोठं स्थान आहे. तिच्या पहिल्या पथकप्रमुख बाई वळीवड्यात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. शेकोटीभोवती आंब्याच्या झाडांच्या आणि पावसाच्या गोष्टी सांगायच्या. मी आजोबांच्या भाजीच्या टोपल्यांचं सांगितलं. तिने दोन मुलींना जवळ बोलावलं, भरभर पोलिशमध्ये काही सांगितलं, आणि त्या दोघींनी माझ्यासमोर टाचा जुळवून सलाम केला. मला काय करावं सुचेना, मीही नमस्कार केला. रांग हलली. जाता जाता तिने आपला ईमेलचा पत्ता माझ्या फोनमध्ये घातला.

परेड संपल्यावर मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू आणि सदतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गेलो. तिथे पोलंडच्या वाणिज्य दूतावासाचा वाडा आहे आणि बाहेर बाकावर यान कार्स्कींचा ब्राँझचा पुतळा, शेजारी बुद्धिबळाचा पट. नाझी ज्यूंचा संहार करतायत ही बातमी डोळ्यांनी बघून १९४२ मध्ये लंडनला पोचवणारा आणि पुढच्या वर्षी रूझवेल्टना भेटून सांगणारा हा माणूस. दमलेल्या पायांनी आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. फिती लावलेली कुटुंबं येऊन फोटो काढत होती, आम्हाला उठू देत नव्हती, तुम्हीही राहा म्हणत होती.

सोमवार: एक्स्चेंज प्लेस

हे ठिकाण लेकीच्या घरापासून चालत जाण्याजोगं. जर्सी सिटीच्या एक्स्चेंज प्लेस स्टेशनबाहेर नदीकाठी कातिन हत्याकांडाचं स्मारक आहे, १९९१ साली उभारलेलं. हात बांधलेला, तोंडात बोळा कोंबलेला पोलिश सैनिक आणि पाठीतून आरपार गेलेली संगीन. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि इतर कैदी मारले. मॉस्कोने ते कबूल केलं १९९० मध्ये. सैनिकाकडे नीट बघवत नाही. नातीला आम्ही नेलं नव्हतं. लहान मुलांना न्यायचं का, याचा विचार आधीच करावा.

पण मी गेले होते ती चौथऱ्याच्या पूर्वेकडची बाजू बघायला. तिथे सायबेरियात हद्दपार केलेल्या पोलिश माणसांच्या उपासमारीचं उठावचित्र आहे. १९४० आणि ४१ मध्ये मालगाड्यांतून नेलेली हीच माणसं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर, १९४१ च्या जुलैत रशियाचा पोलंडच्या परागंदा सरकारशी करार झाला आणि ती सुटली. जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेमागोमाग बायका-मुलं इराणला पोचली, तिथून कराची आणि तिथून पुढे वळीवडे. आजोबांनी पाहिलेल्या बराकी, फुलझाडं, नदीत पोहणारी पोरं, हे सगळं या चित्रानंतरचं. ऑफिसला जाणारी माणसं दोन्ही बाजूंनी घाईने जात होती आणि मी त्या ब्राँझच्या चेहऱ्यांत कुणी ओळखीचं दिसतंय का, असं बघत राहिले.

आता थोडं कामाचं. परेडला जाणार असाल तर फोनमध्ये महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभाचा फोटो ठेवा. तो दाखवला की तिथल्या जुन्या माणसांशी बोलणं आपोआप सुरू होतं. परत आल्यावर मी त्या स्काउटबाईंना त्याचे फोटो पाठवले. त्यांचं लगेच उत्तर आलं, छावणीच्या काळातलं घरगुती काही कुणाकडे उरलं आहे का? पुढच्या आठवड्यात मी आणि भाऊ वळीवडे, रुकडी आणि गांधीनगरच्या जुन्या माणसांना भेटणार आहोत. तुमच्या घरी त्या काळातला फोटो, भांडं, कपडा, पत्र, काही असेल किंवा आजी-आजोबांनी सांगितलेली एखादी आठवण असेल तर कळवा. मी ती न्यूयॉर्कला पोचवते.